बंकटची बिनमुंडक्याची मेंढी

पंचेचाळिशीला आलेल्या माणसाला कसलंतरी वेड लागतंच. कुणाला जमिनीचं लागतं, कुणाला निवडणुकीचं. बंकटला मेंढी काढायचं लागलं. तीही कागदावर नाही, बीडच्या आसपासच्या रस्त्यांवर, सायकलनं.

बंकट बीडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा वेचायच्या आणि सरांनी विचारलं की "उंदरानं पाडली असंल" असं तोंड वर करून सांगायचं, ही त्याची नोकरी. गावाहून कॉलेजला तो सायकलनं जायचा आणि रविवारी शहरातल्या सायकलवाल्यांच्या टोळीतही घुसायचा. त्या टोळीतल्या डॉक्टर मंजुषा मॅडमनी नवं जीपीएसचं यंत्र घेतलं आणि जुनं बंकटला देऊन टाकलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, हँडलवर बसणारं. "बॅटरी जरा दमलीय हं," एवढं मात्र त्या म्हणाल्या होत्या. बंकटला यंत्र हातात आल्यावर पुढचं काही ऐकूच आलं नाही.

हे यंत्र आपण जाऊ तो रस्ता टिपून ठेवतं आणि संध्याकाळी मोबाईलला जोडलं की नकाशावर तांबडी रेघ उमटते. पहिल्याच रविवारी बंकटनं ती रेघ पाहिली आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. नकाशा उलटा धर, सुलटा धर, लांब धर, जवळ धर असं करत तो एकदम ओरडला, "उज्ज्वला, हितं मेंढी हाय!"

उज्ज्वला म्हणजे त्याची बायको. गावभरच्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. तिनं मशीन न थांबवता विचारलं, "कुटं? दारात?"

"नकाशात!"

आणि खरंच होती. गावातून निघून शेतांमधल्या दोन पांदणींत आत जाऊन बाहेर आलं की पुढचे पाय. मग डांबरी सडकेनं पोट, पुन्हा दोन कच्चे रस्ते म्हणजे मागचे पाय, नारायणगडाच्या पायथ्याला शेपूट, तिथून हायवेनं पाठ, मग मान, एका वस्तीच्या वाटेवर कान आणि कपिलधारच्या धबधब्याजवळ तोंड. तोंडाकडून वळून घरी आलं की मेंढी पुरी. लोकांना नकाशात रस्ते दिसतात, ह्याला मेंढरू दिसलं. मेंढक्याचं पोर ते, दुसरं काय दिसणार?

पण हे वेड नुसतं वेड नव्हतं. त्याच्यामागं धुळाजी आबा होते.

धुळाजी आबा बंकटचे वडील. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कळप बाजारात देऊन टाकला. बंकटची नोकरी, उज्ज्वलाचं शिवण, मेंढरांमागं जायला होतं कोण? त्या दिवसापासून आबांनी मेंढराचं नाव काढलं नाही. चंदी म्हणून त्यांची म्होरकी मेंढी होती, तिला ते लेकीसारखं बोलायचे. तिचंही नाव नाही. मेंढरांच्या मोकळ्या वाडग्याकडं पाठ करून ओट्यावर बसायचे आणि जेवायला हाक मारली की जेवायचे. बंकटला वाटायचं, आबांना काहीतरी दाखवावं, त्यांनी मान वर करावी. खरी मेंढी आणली तर सांभाळणार कोण? ही मेंढी बरी होती. चारा नको, पाणी नको.

म्हणून पुढच्या सुट्टीला तो निघाला. पाय झाले, पोट झालं, शेपूट झाली, पाठ झाली आणि मानेवर यंत्रानं डोळे मिटले. बॅटरी संपली. घरी येऊन पाहिलं तर सगळी मेंढी होती, फक्त डोकं नव्हतं. बंकटला तेवढ्यातही इतका हर्ष झाला, की तो तसाच मोबाईल घेऊन आबांपुढं बसला. "आबा, बघा, मेंढी!"

आबांनी डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "खाटकाकडची हाय का?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

बंकटनं मोबाईल पाठीमागं लपवला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! बाजारात दिलेली मेंढरं पुढं कुठं गेली हे त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं आणि हा गाढव मुंडकं उडवलेली मेंढी घेऊन म्हाताऱ्यापुढं बसला होता. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं, जग इकडचं तिकडं झालं तरी मेंढीला डोकं लावायचं.

"मग डोक्यापासूनच सुरू करा की," उज्ज्वला म्हणाली.

त्यानं केलं. डोकं आलं, पाठ आली आणि पुढचे पाय गेले. दोन दिवसांत दोन तुकडे करून पाहिले, तर यंत्रानं त्यांचे दोन वेगळे प्रवास धरले. एका चित्रात धड, दुसऱ्यात नुसतं मुंडकं. ते तर आणखीच खाटीकखान्यातलं दिसायला लागलं, ते बंकटनं घाईघाईनं पुसून टाकलं. चालत्या सायकलवर चार्जिंग लावून पाहिलं, पण यंत्राचं चार्जिंगचं भोक सैल. वायर बोटानं दाबून धरली तरच चालायचं, आणि एका हातानं वायर दाबत आपल्याकडच्या रस्त्यावर सायकल चालवणारा अजून जन्माला यायचाय. मोबाईलवर रेघ काढावी, तर घरात मोबाईल एकच, तो उज्ज्वलाच्या गिऱ्हाइकांचा. दिवसभर त्याच्यावर बाह्यांची मापं येत.

त्यात यंत्राची पाठ फुगायला लागली. बंकट बीडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "आतली बॅटरी फुगलीय. ह्याच मापाची मिळाली तर घरीबी बदलता यील. फक्त फुगलेलीला टोकदार काही लावू नका. पेट घेती." बंकटनं मान डोलावली. मंजुषा मॅडमनी त्याच मापाची बॅटरी मागवून दिली आणि दुकानदाराची सूचना बंकटनं उज्ज्वलाला शब्दन् शब्द सांगितली. आबांना सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. आबांचा आणि बॅटरीचा संबंध काय?

दोन दिवस जोडून सुट्टी आली, तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी ओट्यावर शस्त्रक्रिया सुरू झाली. उज्ज्वलानं तव्यावर फडकं गरम केलं आणि यंत्राच्या कडेला शेकत बसली, म्हणजे आतला गोंद ढिला व्हावा. मग जुन्या कार्डाचा कोपरा फटीत घालून तिनं हळूच पाठ उचलली. तिचे हात कसे, काजं करणाऱ्या बाईचे. बंकट शेजारी बसून "हळू, हळू, अगं हळू" एवढंच काम करत होता.

"तुमी गप बसा, न्हाईतर तुमालाच टाके घालीन," ती म्हणाली.

आत चांदीच्या कागदात गुंडाळल्यासारखी बॅटरी, टम्म फुगलेली. उज्ज्वलानं वायरीचं टोक चिमट्यानं सोडवलं, बॅटरी अलगद सोलून काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. तेवढ्यात एक इवलासा स्क्रू घरंगळत घरात गेला. नवरा-बायको दोघंही त्याच्यामागं आत गेले आणि पलंगाखाली डोकी घालून शोधायला लागले.

ओट्यावर राहिले आबा आणि ती बॅटरी.

आबांनी ती उचलली. दाबून पाहिली. फुगलेली. वास घेतला. आता धुळाजी आबांना साऱ्या पंचक्रोशीत कशासाठी बोलवायचे, तर मेंढराचं पोट फुगलं की. आधी तेल पाजायचे, चोळायचे, चालवायचे. अगदीच तडफडायला लागलं, की डाव्या कुशीत नेमक्या जागी दाभण घालायचे आणि वारं काढून द्यायचे. कित्येक मेंढरं त्या दाभणानं उठून चरायला गेली होती. ते दाभण अजून त्यांच्या पागोट्यात खोवलेलं असायचं.

"फुगलीय बिचारी," आबा पुटपुटले. सुनेनं आणि पोरानं उघड्यावर टाकून दिलेलं आजारी लेकरू, आणि दोघं आत पलंगाखाली काय करतात देव जाणे. त्यांनी बॅटरी फिरवून फिरवून पाहिली. वायरी निघतात ती शेपूट धरली, तर डावी कूस ही. त्यांनी तिला दगडावर निजवलं, अंगठ्यानं जागा चाचपली आणि सवयीच्या हातानं दाभण घातलं.

पहिल्यांदा फुस्स झालं. आबांचा चेहरा उजळला. मग धूर आला, मग फर्रकन जाळ आला आणि बॅटरी दगडावरून टुणकन उडून अंगणात पडली. आबा, ज्यांचे गुडघे गेले म्हणून कळप विकला ते आबा, एका उडीत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

"बंकट्याऽऽ! हिला काय खाऊ घातलंतं रे?"

बंकट पलंगाखालून निघताना डोकं आपटून बाहेर आला. शेजारच्या छबुबाई कुरडयांची ताटं उचलून पळत ओरडत होत्या, "अगं बया, कावून पेटवलं?" उज्ज्वलानं घमेलं भरून माती ओतली, बंकटनं आणखी दोन ओतली, आणि हळूहळू जाळ विझला. अंगणात मातीचा ढीग, त्यातून धुराची बारीक रेघ, आणि जळक्या प्लास्टिकची अशी घाण, की कुत्रं गल्ली सोडून गेलं.

"आबा, लागलं तर न्हाई?" बंकटनं त्यांचे हात उलटेसुलटे करून पाहिले. काही झालं नव्हतं. फक्त मिशीचं एक टोक करपलं होतं.

आबा ढिगाकडं बघत होते. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पर वारं निघालं का न्हाई?"

उज्ज्वला सासऱ्यापुढं कधी मोठ्यानं हसायची नाही. ती तोंडाला पदर लावून खाली बसली आणि तशीच हलायला लागली. बंकटला हसू आवरेना, छबुबाई ताटांसकट हसायला लागल्या आणि शेवटी आबाही. किती दिवसांनी! करपलेली मिशी हलवत, डोळ्यांतून पाणी काढत म्हातारा हसला. बंकटला वाटलं, अशा दहा बॅटऱ्या पेटल्या तरी चालतील.

"मामा, पुन्हा असं करायचं न्हाई हं," उज्ज्वला दम खात म्हणाली. "हाताला लागलं असतं म्हंजे?"

"आधी सांगायचं मग. मला वाटलं, मेंढी हिच्यातच हाय. ही दमती म्हनून तिला मुंडकं येत न्हाई, असं तूच म्हनत हुतास न्हवं?" हे बंकटला. म्हणजे भिंतीकडं तोंड करून बसलेले आबा सगळं ऐकत होते.

मग स्क्रू सापडला, तोही बंकटच्याच केसांत. नवी बॅटरी बसली, वायरीचं टोक टक्कन लागलं, उज्ज्वलानं कडेनं गोंदाची बारीक धार सोडली आणि वर गार इस्त्री ठेवून पाठ दाबली. यंत्र सुरू झालं. आबांनी लांबूनच विचारलं, "जगंल का आता?"

"जगंल आबा."

दुसऱ्या दिवशी पहाटे बंकट निघाला. पायांच्या पांदणीत त्यानं गाणं म्हटलं, पोटाच्या सडकेवर हात सोडून सायकल चालवली. नारायणगडाच्या पायथ्याला शेपटीला एक झोकदार वळण जादा दिलं, कारण आता परवडत होतं. पण मानेच्या त्या वळणावर, जिथं दरवेळी यंत्र डोळे मिटायचं, तिथं त्यानं सायकल हळू केली. तो यंत्राकडं बघत राहिला आणि खड्ड्यात जाता जाता वाचला. यंत्र चालूच होतं. "चल बाई, चल माझी मैना," असं त्याला चुचकारत त्यानं वस्तीवर जाऊन कान काढला. तिथली कुत्री मागं लागली म्हणून कान जरा जास्तच लांब झाला. कपिलधारला मात्र तो रस्त्यावर थांबला नाही. सायकल खांद्यावर घेऊन थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेला, माथ्यावर धबधब्याचे तुषार घेतले आणि तिथून घराकडं सुटला. घर येईपर्यंत त्यानं यंत्राकडं बघायचं धाडसच केलं नाही.

संध्याकाळी बंकटनं मोबाईल आबांच्या हातात दिला. आबांनी डोळे बारीक केले. बोट पायांवरून फिरवलं. "पाय आखूड हायेत." बोट शेपटीवर. "शेपूट कुत्र्याची वाटती." कानावर बोट थांबलं आणि ते हसले. मग बोट तोंडाशी आलं.

"हे कुटं आलं?"

"कपिलधार, आबा. अगदी पाण्यापतुर नेलंय."

आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. उन्हाळ्यात ते कळप तिकडंच न्यायचे, आणि पाण्याचा वास आला की चंदी सगळ्यांच्या आधी धावायची. हे बंकटला माहीत होतं, म्हणून तर सायकल खांद्यावर घेतली होती.

"पान्याला लागलीय बे ही," आबा म्हणाले. "चंदी हाय ही. माजी चंदी हाय."

उज्ज्वलाचं मशीन थांबलं. बंकट आबांच्या शेजारी बसून राहिला. आबांनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि ओट्यावर वळून बसले, वाडग्याकडं तोंड करून. मोबाईल त्यांनी मांडीवर नीट उभा धरला.

मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आन् एकटीच आनली व्हय रे हिला? एकटं मेंढरू ऱ्हातंय का कुटं? वरडून वरडून जीव दील ती."

"मग काय करू, आबा?"

"आनखी आन की. उद्या दुसरी काड." आबांनी जरा विचार केला. "काळी आन. चंदीचं काळीशी लई जमायचं."

बंकटच्या मांड्या ठणकत होत्या आणि उद्या कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. त्यानं यंत्र उचलून चार्जिंगला लावलं आणि मोबाईलवर रेघेचा रंग काळा कसा करायचा ते उज्ज्वलाला विचारायला घरात गेला.