पिवळा गुडघा

माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी आज बायकोने हळदीचा लेप गरम केला आणि त्या वासाने वीसेक वर्षांपूर्वीचं जर्मनीतल्या हॅनोव्हरचं घर आठवलं. वरच्या मजल्यावर चिनेडू राहायचा, पाच देशांत खेळून आलेला नायजेरियन फुटबॉलपटू. नव्या क्लबच्या वैद्यकीय तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तो सुजलेला गुडघा घेऊन आला. हिने मायेने लेप लावला. सकाळी सूज थोडी उतरली होती, पण गुडघा हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक! साबणाने घासून घासून मी रडकुंडीला आलो. तो मात्र हसत म्हणाला, “पाच देशांत लपवला. आज नाही लपणार.”

करार झाला नाही. तरी शहर सोडून जाताना त्याने हळदीची पुडी मागून घेतली. तेव्हा वाटलं, आमची समजूत काढतोय. आता कळतं, त्या गुडघ्याला तोवर सगळ्यांनी तपासायलाच हात लावला होता.