फ्राऊ लेन्झबाईंच्या टेबलावरचे कॅनेडियन

किस्से कोणी जमवायला जात नाही. एकाच खानावळीत दर शनिवारी जेवलं, की तळणीच्या वासासारखे ते कपड्यांना चिकटतात. माझ्या कपड्यांना चिकटलेले हे किस्से फ्राऊ लेन्झबाईंच्या खानावळीतले.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी साताऱ्याहून जर्मनीतल्या एका छोट्या गावी फाउंड्रीत शिकायला गेलो. गावाबाहेर कॅनेडियन लष्कराचा तळ होता. माझं जर्मन 'बिटे' आणि 'डांके'पाशी संपायचं. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या कॅनेडियनांच्या टेबलावर मी जो बसलो, तो बसलोच!

*

टेबलाचा म्होरक्या सार्जंट मॅक. महायुद्धात इटलीत लढलेला. माझे वडीलही मराठा पलटणीबरोबर इटलीत होते, असं मी सांगितलं मात्र, गडी उठून उभा राहिला. हात जोडले, आणि आईवरून अशी कचकचीत मराठी शिवी हासडली, की माझा चमचा सूपमध्ये बुडाला!

"काय म्हणालास?"

"नमस्कार केला! तुमच्या पोरांनी शिकवला. आमच्या शेजारीच होती ती."

"आणि हा नमस्कार आणखी कोणाला केलास?"

"त्यांच्या सुभेदारसाहेबांना. रोज सकाळी!"

*

"आमच्या तुकडीतही एक इंडियन आहे," मॅक एकदा म्हणाला. "शनिवारी आणतो."

मी खूश! कोणी पंजाबी असेल, गेला बाजार मद्रासी. बटाट्याची भाजी करून नेली. आला तो जो. कॅनडाचा मूळ रहिवासी. त्यांनाही तिकडे इंडियनच म्हणतात!

जोनं भाजी चाटूनपुसून खाल्ली आणि बिअरचा मग उचलला. "मजा बघ. हे जर्मन माझे शत्रू. त्यांच्या गावात मी चारचौघांत बसून पितो. माझ्या गावात प्यालो तर पोलीस धरतात. इंडियनांना मनाई!"

"अरे, पण तू देशासाठी लढलास! मतदानाला जाशील तेव्हा जाब विचार."

"मत मला आहे, लढलो म्हणून. बापाला नाही. तो लढला नाही ना!"

"मग त्याला कधी मिळणार?"

"पुढच्या महायुद्धात!"

*

उन्हाळ्यात गावात शुट्झेनफेस्ट असायचा, म्हणजे नेमबाजांची जत्रा. मिरवणूक आमच्या खिडकीखाली आली आणि सलामीच्या बंदुका धडाधड उडाल्या.

बघतो तर टेबलाशी मी एकटा! मॅक, जो, पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा पोस्टमन, सगळे टेबलांखाली. कॅनेडियन आणि जर्मन, नाकाला नाक लावून. मॅकचा चेहरा पांढराफटक.

फ्राऊ लेन्झबाई सूप घेऊन आल्या. वाकून पाहिलं. "आल्झो, बरं तर," म्हणाल्या, "खाली गेलाच आहात, तर पडलेले काटे-चमचे उचलून आणा!"

*

मॅकची बायको बेटी कॅनडाहून राहायला आली. फ्राऊ लेन्झबाईंनी विचारलं, "यांचं युद्धात काम काय होतं?"

"स्वयंपाकी होता," बेटी कौतुकानं म्हणाली. "गोळीबार कधी ऐकूसुद्धा आला नाही त्याला!"

जोला ठसका लागला. मॅक उखळी तोफेवर होता, हे तिच्याखेरीज सगळ्या टेबलाला ठाऊक! बेटीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"लग्नानंतर तुला साधं अंडं उकडता येईना, तेव्हाच मला कळायला हवं होतं!"

*

आणि हा फोगेल खाटकाचा. फोगेलचा एक पाय लाकडी. खरा पाय इटलीत गेलेला. एका शनिवारी तो मॅकसमोर येऊन बसला. तोवर माझं जर्मन सुधारलं होतं, म्हणून दुभाष्या मीच.

बोलता बोलता नदी एकच निघाली, हिवाळाही एकच. फोगेलनं सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून टेबलावर नदी काढली. "हा पूल. ही गिरणी. गिरणीत आम्ही."

मॅकनं पलीकडच्या तीरावर बोट टेकवलं. "इथं माझी तोफ. गिरणीवर मारा आम्हीच केला. नाताळच्या आदल्या दिवशी."

हे मी जर्मनमध्ये सांगितलं.

"गेनाऊ, बरोबर," फोगेल हळूच म्हणाला. "त्याच दिवशी."

फ्राऊ लेन्झबाईंनी पाव कापायची सुरी टेबलावरून गुपचूप उचलून घेतली.

फोगेलनं आपल्या धडक्या गुडघ्यावर थाप मारली. "गाढवा, चुकीचा पाय नेलास! संधिवात या पायात आहे!"

सगळी खानावळ खदखदून हसली. मॅकला ते इंग्रजीत सांगता सांगता मीही.

मॅक हसला नाही. खुर्ची मागं सारून तो खाली गुडघ्यांवर बसला, आणि फोगेलच्या लाकडी पायातल्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला.