नारूवाले दाजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका नारूला जीव लावणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. न गाळलेल्या पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर यायचा, तो किडा. ऐन पेरणीत घरोघरी माणसं आडवी पडायची. दाजी सरकारी डॉक्टर. महायुद्धाच्या दिवसांत कागद मिळत नसतानाही त्यांचा नारूवरचा इंग्रजी निबंध छापून आला. तो वाचणाऱ्यांच्या घरी नळ होते आणि ज्यांच्या पायात नारू होता त्यांना वाचता येत नव्हतं. दाजींना ते फार लागलं. तेव्हापासून ते दिसेल त्याला निबंध तोंडी सांगू लागले. माझ्या लग्नात शेवयांची खीर वाढली जात असताना त्यांनी नारू कसा ओढून काढतात ते सांगितलं आणि अर्धी पंगत उठली.

घोडेगावच्या बाजारात ते विहिरीच्या पाण्याची बाटली आणि भिंग घेऊन उभे राहत आणि नारू पोटात नेणारे त्यातले बारीक पाणकिडे दाखवत. "लई ब्येस नाचत्यात की!" म्हणून शेतकरी खूश होत आणि बैल बघायला जात. मग दाजींनी जवळचंच एक पायविहिरीचं गाव धरलं, जिथे पायऱ्या उतरून नारूचे पाय थेट पिण्याच्या पाण्यात बुडत. घरोघर जाऊन सांगायचं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. घरोघर पाण्याचा तांब्या पुढे यायचा, आणि दाजी तो तसाच पिऊन टाकायचे.

"लोकांना सांगता आणि स्वतः?" बहीण चिडायची.

"अगं, पाणी नाकारलं तर माझं ऐकेल कोण?"

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर दाजींच्या घोट्याला फोड आला आणि नारूने डोकं काढलं. बहीण रडली. दाजींनी किडा काडीला गुंडाळला, मला बैलगाडी जुंपायला लावली आणि थेट त्या गावच्या पारावर जाऊन पाय पसरून बसले. या खेपेला कोणी हसलं नाही. एक म्हातारी पायाशी वाकली.

"आमचंच पानी प्यालास व्हय रं लेकरा?"

"तुमचं एकटीचं नाही, आजी."

ती उठून घरात गेली आणि पदर दुहेरी करून गाळलेलं पाणी घेऊन आली. दाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. हळूहळू गावातल्या बायका घागरीच्या तोंडाला फडकं बांधू लागल्या.

नारू ओढताना तुटला, जखम चिघळली आणि दाजींचा तो पाय कायमचा आखडला. मला त्याचं अजून वाईट वाटतं. वर्षाने पेरणीच्या दिवसांत त्यांनी मला पुन्हा त्या गावाला न्यायला लावलं. सगळी माणसं पाभरीमागे चालत होती. दाजी काठी टेकून बांधावर उभे होते. ऊन चढलं, मी म्हटलं, चला आता.

"थांब रे," ते म्हणाले, "चालताना बघू दे जरा."