आधी मी चालवतो

गरोदर लेकीला वैजापूरहून आणायला निघालो, तर छावणीजवळच ब्रेकचं पेडल मऊ पडून खोल जाऊ लागलं. कशीबशी गाडी एका गॅरेजपुढं लावली आणि गरोदर लेकीला आणायला चाललोय, हे सांगितलं. पिकल्या दाढीच्या मिस्त्रींनी चप्पल काढली, डोळे मिटले आणि अनवाणी पायानं पेडल दाबलं.

"लाइनीत हवा शिरली."

मागच्या चाकाचा चिरलेला ब्रेकपाइप त्यांनी बदलला. मी पेडल दाबत राहिलो, ते चाकापाशी बसून बुडबुडे काढत राहिले. शेवटी पेडल घट्ट लागलं. मी चावीला हात घातला.

"थांबा. आधी मी चालवतो. काय व्हायचं ते माझं होऊ द्या. तुमच्या गाडीत लेक बसणार हाय."

ते एकटेच चक्कर मारून आले, मगच हसले.

परतताना लासूर स्टेशनजवळ म्हैस आडवी आली. गाडी अलगद थांबली. मागं झोपलेल्या लेकीला जागसुद्धा आली नाही.