गॅलरीतला फळा

दादाला जाऊन महिना होऊन गेला. स्मशानात ताठ कण्याचे एक वृद्ध गृहस्थ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही वसंतरावांच्या भगिनी ना? लष्कराच्या गुप्तवार्ता विभागासाठी आम्हा पुष्कळांना त्यांनीच पारखून निवडलं. त्यांच्याच वर्गातून, वाटेत कोण काय टिपतो ते पाहून." एवढं सांगून ते निघून गेले. तेव्हापासून माझं एका जागी बूड टिकत नाही. भाजी चिरायला घेते, अर्धी टाकून उठते... ज्या वाक्याची जन्मभर वाट पाहिली, ते परक्या माणसाने सांगावं, तेही दादा गेल्यावर!

आम्ही लालबागच्या चाळीतले. दादा पलटणीत शिक्षक होता. भरती झालेल्या रंगरुटांना लिहायला-वाचायला शिकवायचा, कारण परीक्षा पास झाल्याशिवाय बाहीवर बढतीची फीत चढत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत तो लांब रजेवर आला, पण स्वस्थ बसेल तर शपथ! गॅलरीत गुंडाळीचा काळा फळा टांगून त्याने फौजेत जाऊ पाहणाऱ्या गिरणीतल्या तरुणांचा वर्ग सुरू केला. रंगरुटांना लावलेली रीतच इथेही. "आज वाटेत काय पाहिलंस? फळ्यावर लिही." पोरं मोर्च्यातून यायची, लिहायचीही मोर्चाच... लाठी कुठे चालली, पुढे कोण होतं. वर्ग संपला की दादा ओल्या फडक्याने फळा लख्ख पुसायचा.

गोळीबारात माणसं गेलेली, धरपकड चाललेली. अशात सरकारी नोकरीतला माणूस असलं विचारतो म्हटल्यावर मनात पाल चुकचुकणारच. पुढे चाळीतल्या दोघांना पोलिसांनी उचललं, तेव्हा शेजारचे गोविंदकाका भर गॅलरीत गरजले, "वसंता, खरां सांग, तू सरकारचो माणूस मां?"

"होय काका. पगार सरकारच देता."

झालं! दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या चटया रिकाम्या. नळावर माझ्याशी कुणी बोलेना. मी दादाचे पाय धरले. "एकदाच सांग ना रे त्यांना, खबऱ्या नाहीस म्हणून! शिकवण्याखेरीज काही करत नाहीस, एवढं सांगून टाक."

तो म्हणाला, "माई, काय करत नाही ते सांगायला लागलो, की काय करतो तेही सांगावं लागतं."

रजा संपेपर्यंत तो रोज संध्याकाळी रिकाम्या चटयांसमोर बसला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्याचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून येतो.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा चाळीत पेढे वाटले, आमचं दार वगळून. दादा नेमका घरी होता. उठला, स्वतः पेढे घेऊन आला आणि गोविंदकाकांपासून वाटायला लागला. काकांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, नुसता हातात धरून राहिले. पुढे काका गेले, तेही मनात तोच संशय ठेवून.

परवा दादाची खोली आवरायला गेले. शेवटपर्यंत तो कुणाला ना कुणाला शिकवतच होता. फळा खिळ्याला टांगलेला, लख्ख. फडकं दांडीवर वाळून कडक झालेलं. एखादं अक्षर चुकून राहिलंय का, म्हणून मी फळ्याला नाक लावून पाहिलं... काही नव्हतं. मग खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "गोविंदकाका, माझा दादा खबऱ्या नव्हता."

फडकं तसंच दांडीवर ठेवून आले. मी पुसणार नाही. पुसायचंच असेल तर त्याने यावं.