नगारे बाहेर न्या

हेन्डरसनमधल्या आमच्या हौशी वाद्यवृंदाचे कंडक्टर हंगेरियन होते. पुण्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा आईला बसचा कंडक्टर वाटला. "तो काय शिकवणार तुला?" तिने विचारलं. मी तेव्हा पस्तिशीची, इस्पितळात फार्मासिस्ट. लहानपणी शिकलेलं व्हायोलिन बऱ्याच वर्षांनी पुन्हा हातात घेतलं होतं आणि दर शनिवारी सकाळी मी शेवटच्या रांगेत बसून वाजवायचे.

सरांनी सत्तरी ओलांडली होती. बुडापेस्टला संगीत शिकत असताना शहरात रशियन रणगाडे शिरले, तेव्हा ते पायी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेले आणि तिथून बोटीने इकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, आले. सुरुवातीला त्यांनी खाटीकखान्यात मेंढ्यांची कातडी वाहिली. मग शाळेत संगीतशिक्षक झाले आणि आयुष्यभर तेच काम केलं. मधून मधून मोठ्या ऑर्केस्ट्रांसमोरही उभे राहिले, पण कुणी विचारलं तर "मी मास्तर आहे" एवढंच सांगत. आमच्या वाद्यवृंदाची लीडर, म्हणजे पहिल्या खुर्चीवरची व्हायोलिनवादक, पन्नाशीची बाई, शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

त्या हिवाळ्यात आधी बारीकसारीक चुका सुरू झाल्या. बासऱ्यांची पाळी नसताना सर त्यांच्याकडे हात करायचे. वयाचं आहे, म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एका शनिवारी टिंपानी, म्हणजे तांब्याचे ते मोठे नगारे, जोरात वाजले आणि सर दचकून खाली वाकले. समोरचे कागद जमिनीवर पसरले.

"फार जवळ आलेत," ते म्हणाले.

नगारे वाजवणारा आमचा प्लंबर "स्वीट अ‍ॅज", म्हणजे 'काही हरकत नाही', म्हणाला आणि हलक्या हाताने वाजवू लागला. पुढच्या शनिवारी सरांनी फर्मावलं, "नगारे बाहेर न्या." बिचाऱ्याने ते व्हरांड्यात नेले आणि तिथून वाजवले. थोड्या वेळाने सरांनी स्वतः जाऊन दाराला आतून कडी घातली आणि काचेतून बाहेर बघत उभे राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. एक बाई गाडीत भाजीच्या पिशव्या ठेवत होती.

"किती जण आहेत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

माझी नऊ वर्षांची मुलगी त्या दिवशी बरोबर होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, ही कीप्स काउंटिंग द डोअर्स." सर सारखी दारं मोजत होते, ते तिने टिपलं होतं. मी तिला गप्प बसवलं.

त्यानंतरच्या शनिवारी चहाच्या वेळी सर माझ्याजवळ आले आणि कोटाच्या खिशातून एक पाकीट काढून दाखवलं. "तुला कळतं ना यातलं?"

विस्मरणाच्या आजारावरच्या गोळ्या होत्या.

"कधीपासून, सर?"

"वर्ष झालं. कॉन्सर्ट होईपर्यंत बोलू नकोस. माझा शेवटचा आहे."

"निदान लीडरला तरी सांगू या."

"तिला तर मुळीच नको. ती मला थांबवेल."

मी मान डोलावली. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं हा आपला धर्म, असं स्वतःला बजावलं. पण ते काही माझे रुग्ण नव्हते. खरं कारण वेगळं होतं. त्याच महिन्यात त्यांनी मला शेवटच्या रांगेतून उचलून पुढे बसवलं होतं आणि मला तिथे बसून वाजवायचं होतं.

कॉन्सर्ट रविवारी दुपारी होता. हॉल भरला होता. श्रोत्यांसमोर नगारे बाहेर कसे ठेवणार? लीडरने ते स्टेजवर मागे मांडायला लावले. मी बघत होते. अजून सांगता आलं असतं.

सिंफनीचा संथ भाग इतका सुरेख झाला, की माझी भीती गेली. शेवटच्या भागात नगाऱ्यांची घरघर हळूहळू वाढत जाते. सरांचा डावा हात 'हळू, हळू' सांगत राहिला, पण आवाज वाढतच गेला. मग त्यांचे दोन्ही हात खाली पडले. हंगेरियनमध्ये काहीतरी ओरडून ते स्टेजवर पालथे झोपले आणि हाताने आम्हालाही खाली व्हा, खाली व्हा, असं खुणावू लागले.

वाद्यं एकेक करत थांबली. श्रोत्यांत कुणीतरी हसलं.

लीडरने व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं आणि तिच्या काळ्या लांब झग्यासकट ती सरांशेजारी पालथी पडली.

"सर, गेले का ते?"

"श्श. अजून नाही."

हॉल रिकामा झाला तरी ती तशीच पडून होती. बऱ्याच वेळाने सर उठून बसले आणि तिच्या कोपराला लागलेली धूळ झटकू लागले.

त्यांना घरी पोचवल्यावर मी तिला गोळ्यांचं सांगितलं. ती ओरडली नाही. "तू बोलली असतीस तर मी नगारे ठेवलेच नसते," ती म्हणाली. "एवढंच केलं असतं. त्यांना थांबवलं नसतं."

मी पुन्हा तालमीला गेले नाही.

सरांना वृद्धाश्रमात ठेवलं. मी भेटायला गेले तर मला त्यांनी ओळखलं नाही. तिथली नर्स नागपूरची निघाली. "दिवसभर शांत असतात हो, पण जेवणाच्या वेळेला पलंगाखाली शिरायला बघतात," ती म्हणाली. तेवढ्यात जेवणाची ट्रॉली लांबून गडगडत आली आणि सरांनी पलंगाची कड घट्ट धरली. मी नर्सला रणगाड्यांचं सगळं सांगितलं.

"ताई, हे आधी सांगायचं होतं ना कोणीतरी," ती म्हणाली आणि ट्रॉली थांबवायला धावली.

दुसऱ्या दिवसापासून तिथले कर्मचारी त्यांचं ताट हातात घेऊन येऊ लागले. त्या उन्हाळ्यातच सर गेले.