त्या सिग्नलवरचं नाव

ती चूक मेश्राम दादांची नव्हती. माझी होती.

आज दादांना जाऊन वर्ष झालं. चार वाजता जरीपटक्यात त्यांच्या घरी बुद्धवंदना आहे आणि मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. आई दोनदा ओरडली, "बस ना वं एका जागी!"

नाही बसवत.

आधी हे लिहून टाकते. नाहीतर त्या घराची पायरी माझ्याने चढवणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही गाड्यांचं टेस्टिंग करतो. गाडीतले छोटे कंप्युटर एकमेकांशी नुसत्या आकड्यांत बोलतात. त्यातला कुठला आकडा वेगाचा, कुठला बॅटरीच्या तापमानाचा, हे सांगणारा डेटाबेस आम्ही बनवतो. टायपिंग फारसं नाही. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे. आधी डेटाबेस, त्यात क्लस्टर, त्यात फ्रेम, सगळ्यात शेवटी सिग्नल, म्हणजे तो एकेक आकडा.

दादा माझे सीनियर. त्यांचा एक नियम होता. सिग्नल तयार झाला की उठायचं, गाडीपाशी जायचं, हात लावून खात्री करायची. मगच कॉमेंटच्या रकान्यात आपलं नाव टाकायचं.

"नाव लिवलं म्हणजे हात लावला," म्हणायचे.

मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते. मे महिना. इलेक्ट्रिक बस बाहेर उन्हात, मी आत एसीत.

बॅटरीच्या तापमानाचा सिग्नल नव्याने बनवायचा कंटाळा केला. जुन्या गाडीचा कॉपी मारला. त्या गाडीत आलेला आकडा अर्धा करावा लागतो. या बसमध्ये नाही.

स्क्रीनवर आलं, बावीस डिग्री.

मे महिन्यात. नागपुरात. उन्हात उभ्या बसची बॅटरी म्हणे बावीस!

शेंबड्या पोरालाही शंका आली असती. मी नाव लिहिलं आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशीची टेस्ट साठ डिग्रीला आपोआप थांबायची होती. स्क्रीन पस्तीस दाखवत होती, म्हणजे खरे सत्तर, तेव्हा बसमधून धूर निघाला. कुणाला इजा झाली नाही. बॅटरी गेली.

मीटिंगमध्ये साहेबांनी फाइल पडद्यावर उघडली. "हा सिग्नल कोणी बनवला?"

मी उठणार, तेवढ्यात पाहिलं. कॉमेंटमध्ये दादांचं नाव होतं. माझं पुसलेलं.

"मी," दादा म्हणाले.

त्यांना बसच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "दादा, काहून केलं असं?"

"तुले काढून टाकलं असतं. मले फक्त हलवलं."

"मी सांगून टाकते."

"सांगजो ना. अजून कच्ची आहेस. पक्की झाली का मंग सांगजो."

मी पक्की झाले. सांगितलं मात्र नाही. आज नको, सोमवारी सांगू, असं करत राहिले. पाच महिन्यांत दादांना अटॅक आला. गेले.

त्या दिवशी त्यांच्या अंगणात कुणीतरी म्हणालं, "शेवटी शेवटी लक्ष नव्हतं राहात त्याचं कामात." वहिनींनी ऐकलं. मान खाली घातली.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तोंडातून एक शब्द काढला नाही.

बॅटरीपेक्षा त्याची लाज जास्त वाटते. वर्षभर वाटतेय.

आज सकाळी ऑफिसला जाऊन आले. ती बस अजून आवारातच आहे, नवी बॅटरी घातलेली. बॅटरीच्या पेटीवर तळहात ठेवला. कोमट होती. मग वर जाऊन ती जुनी फाइल उघडली, त्या सिग्नलवरचं दादांचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. सेव्ह केलं. साहेबांनाही सांगून आले.

वहिनी, चारला येतेय. त्याआधी हे पाठवतेय, वाचा. दारातच उभी ठेवलीत तरी चालेल.

पण एवढं ऐका. दादांचं लक्ष शेवटपर्यंत होतं. कामावर, आणि माझ्यावरही.

दादा, आधी हात लावला. मगच नाव लिहिलं.

जय भीम.